राहेलबाईंची आधी वाजलेली घंटा

मायबाप हो, नगरकडच्या मुलखात करंजखेडी नावाचं एक बाजाराचं गाव होतं. खेडं म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर हसू यावं, असं. एष्टी स्टँडच्या मागं गुरांचा बाजार, बाजाराच्या मागं ओढा, अन् ओढ्याच्या पलीकडं मिशनवाडी. वाडीच्या मधोमध काळ्या दगडाचं देऊळ, म्हणजे आपलं ख्रिस्ती देऊळ हो, त्याला उंच मनोरा, अन् मनोऱ्यात घंटा. त्या देवळासमोरच्या दोन खोल्यांत राहेलबाई मकासरे राहायच्या. अशी माणसं देव रोज रोज धाडत नाही. धाडली तर आपल्याला पेलायची नाहीत!

राहेलबाईंचं लग्न झालं अन् वर्ष उलटायच्या आत नवरा पटकीनं गेला. मिशनच्या शाळेत मास्तर होता बिचारा. माहेरची माणसं न्यायला आली. राहेलबाई म्हणाल्या, "मला न्याल, पण ह्या गावाला कोण आहे?" अन् राहिल्या ते राहिल्याच. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमान, सुईदोरा अन् सुंठीचा तुकडा. वाडीवस्तीवर पायी फिरायच्या. बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, अन् गोष्ट सांगता सांगता समोरचीचं फाटलेलं लुगडं शिवून टाकायच्या. गोष्ट संपायची अन् लुगडंही धड व्हायचं. कुणाचं बाळंतपण असो, कुणाची मयत असो, राहेलबाई सगळ्यांच्या आधी हजर. पहिल्या पहिल्यांदा लोकांनी त्यांना जात विचारली. मग विचारायची लाज वाटायला लागली.

तापानं फणफणलेलं लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं की पहाटेपर्यंत घाम फुटून ताप उतरायचा. लोक चमत्कार म्हणायचे. राहेलबाई म्हणायच्या, "चमत्कार कसला डोंबलाचा? मी धरून बसते. मी सोडत नाही म्हटल्यावर देवालाही सोडून जाता येत नाही."

अन् त्यांची प्रार्थना! डोळे मिटून, हात जोडून बसणं त्यांना कधी जमलंच नाही. अंगण झाडता झाडता बोलायच्या. "बापा, त्या गंगूच्या पोराचं बघ जरा. काल सांगितलं होतं. विसरलास का?" रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, आत कुणी पाहुणा आलाय अन् बाई त्याला फैलावर घेतायत.

हे सगळं ज्यांना खपत नव्हतं असा वाडीत एकच माणूस. शमुवेलराव त्रिभुवन. लाकडाची मोठी वखार, अंगात कोट, डोक्याला काळी टोपी, मंडळीच्या पंचांचे मुख्य. देवळात पहिलं बाक त्यांचं. त्यांची प्रार्थना अशी जडजड शब्दांची, की मध्ये उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनाही जांभई यायची. लग्न असो की मयत असो, पुढं उभं राहायची त्यांना भारी हौस. ते म्हणायचे, "देव काय त्या म्हातारीचा शेजारी आहे, असा हाका मारायला?"

राहेलबाईंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "शेजारीच आहे की. भिंतीला कान लावून असतो."

आता तिसरं माणूस सांगतो, कारण गोष्ट खरी त्याची. योना. घंटा वाजवणारा. त्याचा आजा घंटा वाजवायचा, बाप वाजवायचा, अन् आता तो. मनोऱ्याच्या पायाशी एक खोली, तिच्यात तो, बायको अन् लेकरं. कबरी खणायचं कामही त्याच्याचकडं. ह्या योनाला जगात आणलं राहेलबाईंनीच. आडवा आला होता, सुईण हात टेकून बसली होती, राहेलबाईंनी त्याला बाहेर काढला. तेव्हापासून तो त्यांना आई म्हणायचा. सरळ, भोळा गडी. घंटेवर त्याचा जीव. तिला 'ती' म्हणायचा, घरातल्या माणसासारखं. "तिला आज गार वाटतंय, आवाज बसलाय," असं म्हणायचा.

शमुवेलराव त्याला चारचौघांत टोमणे मारायचे. "योना, दोराला बैल बांधला तरी घंटा वाजंल. तुला कशाला पोसायचं?" योना हसायचा. टोचायचं, पण हसायचा.

घंटेच्या दोन चाली होत्या. उपासनेची घंटा भराभर, पोरं शाळेतनं सुटल्यासारखी. मरणाची घंटा निराळी. एक ठोका. मग माणसानं एक लांब श्वास घ्यावा इतकी उसंत. मग दुसरा. योनाच्या बापानं त्याला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. माणूस गेला की घंटेनं उशीर करायचा नाही. जाणाऱ्याला वाटेत सोबत लागते.

त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला राहेलबाई आजारी पडल्या. वय झालेलंच होतं. आठवडाभर नुसती पेज. वाडीतले लोक दाराशी येऊन हळू आवाजात विचारायचे, अन् मान हलवत परत जायचे. शमुवेलराव वखारीत बसून नातेवाइकांना करायच्या तारांचा मजकूर मनातल्या मनात जुळवत होते.

अन् गुरुवारी सकाळी राहेलबाई बाजेवर उठून बसल्या! पाठ खाजवली, भाची सलोमी जवळ होती, तिला म्हणाल्या, "सलोमी, मला आजारानं नाही गं खाल्लं. ढेकणांनी खाल्लं."

बघितलं तर खरंच. बाजेच्या सुंभात ढेकणांनी वस्ती केलेली. सलोमीनं चार शेजारणींना हाक मारली. बाज उचलून अंगणात आणली अन् भिंतीला उभी केली. तीन दगड मांडून मोठ्या हंड्यात पाणी तापत ठेवलं, बाजेवर ओतायला. सांध्यासांध्यांत रॉकेल चोळलं. त्याचा असा उग्र वास सुटला, की बायकांनी तोंडाला पदर लावले अन् सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. राहेलबाईंना त्यांनी मागल्या दारानं शेजारच्या पवारांच्या घरी नेऊन बसवलं, चहा प्यायला.

अन् नेमका त्याच वेळी योना मनोऱ्यावर. घंटेच्या आसाला वंगण घालत होता. सहज खाली बघितलं.

मायबाप हो, तुम्हीच सांगा, त्याच्या जागी तुम्ही काय समजला असता? आठवडाभर अंथरुणाला खिळलेलं माणूस. बाज बाहेर काढून उभी केलेली. दारात तीन दगडांवर पाणी तापतंय. बायका तोंडाला पदर लावून डोळे पुसतायत. कुणाच्याही घरी मयत झाली की आपल्याकडं हेच दिसतं!

योनाचा हात वंगणाच्या डब्यातच राहिला. "आई गं," एवढंच तो म्हणाला. शिडीवरनं कसा उतरला त्याचं त्याला कळलं नाही. घरात जाऊन बघावं, विचारावं, हे सुचलंच नाही. बापाचं बोलणं तेवढं डोक्यात. उशीर करायचा नाही. त्यानं दोर धरला अन् मरणाची घंटा सुरू केली. रडत होता, पण चाल चुकू दिली नाही. एक ठोका, लांब श्वास. एक ठोका, लांब श्वास.

वखारीत शमुवेलराव ताडकन उभे राहिले. "गेली म्हातारी!" एक माणूस तार ऑफिसात पिटाळला. एकाला सांगितलं, पेटी ठोक. दोघांना कुदळी देऊन कब्रस्तानात धाडलं. अन् स्वतः कोटाची बटणं लावून देवळाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. राहेलबाईंच्या दारात डोकावायला सवड कुणाला होती? वाडी गोळा झाली. बाजारातनं माणसं आली. घंटा वाजवून योना खांबाला टेकून बसला होता.

शमुवेलरावांनी डोळे मिटले अन् भाषण सुरू केलं. "बंधूंनो, आज आपल्या मंडळीचा दीप मालवला. ती साध्वी, ती सेविका, ती आज आपल्यात नाही..."

तेवढ्यात गर्दीच्या मागनं काठी टेकत कुणीतरी पुढं आलं. बायका किंचाळून बाजूला झाल्या. वाट झाली. शमुवेलरावांचे डोळे मिटलेलेच.

"कोण गेलं रे शमुवेल?" आवाज आला.

"राहेलबाई," शमुवेलराव गहिवरून म्हणाले.

"अगं बाई!" राहेलबाई म्हणाल्या. "अन् मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!"

काय सांगावं हो! शमुवेलरावांनी डोळे उघडले, तोंडही उघडलं, अन् दोन्ही मिटायचं विसरले. एका क्षणानं सगळं देवळाचं आवार हसायला लागलं. म्हातारी माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होती. सलोमी पुढं येऊन म्हणाली, "अहो, ढेकूण होते! बाजेला ढेकूण होते!" मग तर काही विचारू नका.

हसला नाही तो एकटा योना. तो धावत आला, राहेलबाईंचे पाय धरले, तोंड वर करून नुसता बघत राहिला. "आई, तुम्ही हायसा?"

"आहे तर. चहा अर्धा टाकून आले."

पण शमुवेलरावांचं तोंड लालबुंद झालं होतं. सगळं गाव आपल्याला हसलं हे त्यांना सोसेना. ते योनावर ओरडले, "सकाळी सकाळी पिऊन घंटा वाजवतोस?"

"साहेब, मी कधी शिवत नाही, तुम्हाला ठाऊक हाये. बाज दिसली, पाणी दिसलं..."

"गप बस! जित्या माणसाची घंटा वाजवलीस. मंडळीचा तमाशा केलास. आता तुझी घंटा बंद." अन् त्यांनी वखारीतला माणूस मनोऱ्यावर चढवला, दोर सोडवून घेतला. दोराचं भेंडोळं वखारीत नेऊन कुलूप घातलं. "रविवारी उपासना झाली की पंच बसतील. हा माणूस नको. खोली रिकामी करायची."

योनाची बायको मटकन खाली बसली. तीन पिढ्यांची खोली, अन् बाहेर उभं राहायला जागा नाही. पण योना बघत होता तो मनोऱ्याकडं. दोर नसलेली घंटा त्याला नागवी दिसत होती.

राहेलबाई काठीवर रेलून उभ्या होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "शमुवेल, घंटा खोटी वाजली नाही. माझीच वाजली. योनानं जरा घाई केली, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हणजे आता वाजलीच आहे तर मी निघते. पेटी सांगितली, कबर सांगितली, तारा गेल्या. माणसं कामधंदा टाकून येतील. त्यांना परत एकदा कुठं हेलपाटा घालायला लावू? मी बापाशी बोलते. रविवारी उपासनेला सगळे जमताच, तेव्हा जाईन म्हणते."

शमुवेलराव खदाखदा हसले. "ऐका! आता ही देवाला दिवस नेमून देणार! बाई, देवाचा दरबार आहे, एष्टीचं रिझर्व्हेशन नव्हे."

"नेमून कुठं देते? विनंती करते. तो नाही म्हणाला तर राहीन. भाकरी तर चालूच आहे."

लोकांना ती थट्टा वाटली. योनाला वाटली नाही. तो त्यांच्या मागोमाग घरात गेला अन् दाराशी बसला.

"आई, असलं बोलू नका. माझी खोली गेली तर जाऊ द्या. मी उसाला तोडणीवर जाईन. पण माझ्यापायी मरू नका."

राहेलबाईंनी त्याच्याकडं रोखून बघितलं. "तुझ्यापायी? अरे, एवढा मोठा कधी झालास तू? मला जायचंय म्हणून जाते. नवरा किती वर्षं वाट बघतोय तिकडं. तुझी घंटा वाजली अन् माझ्या जिवाला एकदम हलकं वाटलं. बाहेर कुणी टांगा आणून उभा केला म्हणजे वाटतं ना, तसं."

"मग मी काय करू?"

"पाणी भर. पाहुणे येतील."

अन् आले हो पाहुणे! तार मिळाली तसे शुक्रवारी सकाळपासून एष्टीनं उतरायला लागले. फाटकापासून हंबरडा फोडत यायचे, अन् अंगणात राहेलबाई ज्वारी निवडत बसलेल्या. "रडून झालं का? मग हातपाय धू. पिठलं तयार आहे."

जालन्याहून धाकटा भाऊ आला, एलिया. एका शेळीवरनं भांडण झालं होतं, तेव्हापासून त्यानं बहिणीच्या घराकडं पाठ फिरवली होती. शेळी मेली, तिची पिल्लं म्हातारी होऊन मेली, पण ह्याचा राग जिवंत. तो ओढ्यापासूनच रडत आला. बहिणीला बघून जागच्या जागी थबकला. मग चिडला.

"मेली नाहीस तर तार कशाला केली?"

"मेल्याशिवाय तू आला असतास का?"

तो तिथंच पायरीवर बसला अन् खरं रडणं रडला. राहेलबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला अन् दुसऱ्या हातानं ज्वारी निवडत राहिल्या. त्या दिवसापासून तो त्यांच्या जवळनं हलला नाही.

पेटी आली. राहेलबाईंनी तिच्याभोवती फिरून बघितलं, बोटानं टकटक केलं. शमुवेलराव तिथंच उभे होते, म्हातारीचा तमाशा किती चालतोय ते बघायला. "शमुवेल, ह्या फळीला गाठी आहेत रे. वखारीतला चांगला माल कुणासाठी राखून ठेवलास?"

सगळे हसले. शमुवेलराव गुरगुरले, "सोमवारी ह्याच पेटीत तुमची ज्वारी भरून ठेवा. उपयोगाला येईल."

"भरीन की. तोवर पाहुण्यांच्या गोधड्या राहू देत."

शनिवारी त्या एलियाच्या खांद्याला धरून कबर बघायला गेल्या. कडुनिंबाखाली होती, नवऱ्याच्या शेजारी. "सावली छान आहे," म्हणाल्या. योनाला सांगून वर फळ्या टाकून घेतल्या, कुणाची शेळी पडायला नको. एलियाकडं बघून शेळी हा शब्द जरा जोरात म्हणाल्या.

पाळकसाहेब, ओहोळ म्हणून नवीनच आलेले तरुण, फार पेचात पडले. ते संध्याकाळी येऊन म्हणाले, "बाई, मी उद्या नेमकी कुठली उपासना धरू? मयतीची की नेहमीची?"

"नेहमीची धरा. मधेच काही झालं तर झालं."

दोन दिवस ते अंगण असं भरलेलं होतं, जसा नाताळ. बायका जात्यावर बसल्या की राहेलबाईही खुंट्याला हात लावायच्या अन् त्यांच्या त्या येशूच्या ओव्या म्हणायच्या:

पहिली माझी ओवी गं, गव्हाणीच्या बाळाला
गाईच्या श्वासाची ऊब, राजाच्या पाळण्याला

पाहुणे हसत होते, जेवत होते. एक योना काय तो उदास. पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, अन् मधेच मनोऱ्याकडं बघायचा. रविवारी काहीही झालं तरी त्याचं काहीतरी जाणार होतं. आई राहिल्या तर घंटा गेली, खोली गेली, अन् करंजखेडीत जन्मभर तो खोटी घंटा वाजवणारा ठरणार. अन् घंटा खरी ठरली तर आई गेल्या. तो देवळाच्या मागं जाऊन प्रार्थना करायला बसला, पण काय मागावं तेच कळेना. शेवटी म्हणाला, "प्रभू, आईला राहू दे. माझी लाज गेली तर जाऊ दे." मग त्याला बरं वाटलं. मागायचं ते मागून झालं होतं.

रविवार उजाडला. घंटा नाही. लोक उन्हाकडं बघून देवळात जायला लागले. राहेलबाईंनी आंघोळ केली, पांढरं धुवट लुगडं नेसल्या, अन् त्याच बाजेवर अंगणात येऊन बसल्या. तब्येत ठणठणीत. भाकरीही खाल्ली. योनाच्या जिवात जीव आला.

"जा सगळे उपासनेला," त्या म्हणाल्या. "सलोमी थांबेल. एलिया, तू पण जा, फार वर्षांत गेला नसशील. योना, तू घंटेपाशी उभा राहा."

"आई, दोर नाही."

"दोराचं मी विचारलं का? उभा राहा म्हटलं."

योना गेला. मनोऱ्याच्या खाली, जिथं रोज दोर लोंबायचा, तिथं उभा राहिला. वर बघितलं. घंटा गप्प. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं ते नुसते पुढं धरून ठेवले.

आत उपासना सुरू झाली. शमुवेलराव पहिल्या बाकावर. गाणं झालं, वाचन झालं. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले. शमुवेलराव शेजारच्याच्या कानात म्हणाले, "काय रे, म्हातारीची गाडी लेट झाली वाटतं."

अन् वर घंटा वाजली.

एक ठोका.

पाळकसाहेब थांबले. सगळं देऊळ थांबलं. माणसानं एक लांब श्वास घ्यावा इतकी उसंत.

दुसरा ठोका.

शमुवेलराव उठले ते तरातरा बाहेर. "हा वर चढलाय! हातानं वाजवतोय! आज ह्याला..." मंडळी त्यांच्या मागं. मनोऱ्यापाशी आले अन् पाय जमिनीला खिळले.

योना खाली उभा होता. हात पुढं धरलेले, रिकामे. तोंड वर, गालांवरनं पाणी वाहतंय. अन् वर, उघड्या कमानीत, घंटा हलत होती. दोर नाही, माणूस नाही. एकीकडं जायची, उसंत घ्यायची, परत यायची. तिसरा ठोका. चौथा. आवाज असा, की त्या घंटेचा तसा कुणी कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, गोड, आईनं लांबनं हाक मारावी तसा.

"वारा असंल," शमुवेलराव म्हणाले. त्यांचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही. समोरच्या कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. कमानीत पारवे बसले होते, तेही उडाले नव्हते.

समोरनं सलोमी आली. धावत नाही, सावकाश चालत. डोळ्यांत पाणी, पण तोंडावर हसू. "आत्या गेल्या," ती म्हणाली. "बाजेवर बसल्या होत्या. कुणी दाराशी हाक मारल्यावर आपण म्हणतो ना, तसं म्हणाल्या, 'आले रे, आले.' पदर सारखा केला, उठायला गेल्या, अन् गेल्या. तेवढ्यात घंटा वाजली."

एलिया मोठ्यानं रडला. बायकांनी हात जोडले. पाळकसाहेबांनी तिथंच मातीत गुडघे टेकले, अन् त्यांच्या मागं सगळी मंडळी. घंटा हळूहळू थांबली.

शमुवेलराव एकटे उभे होते. त्यांनी टोपी काढली. ती कुठं ठेवावी ते कळेना, हातातच चुरगाळली. मग योनाच्या समोर गेले. "योना," ते म्हणाले, "मला माफ कर. मी तुझा दोर काढला. देवानं त्यावाचून वाजवून दाखवली."

योनानं डोळे पुसले. त्याच्या मनात त्या वेळी राग नव्हता, आनंदही नव्हता. आईला कबरीपर्यंत सोबत हवी, एवढंच त्याला दिसत होतं. "साहेब, दोर आणा," तो म्हणाला. "मयत उचलायची वेळ झाली की घंटा चालू राहिली पाहिजे."

शमुवेलराव स्वतः गेले. वखार उघडली, दोराचं भेंडोळं खांद्यावर घेतलं, अन् भर बाजारातनं चालत आले. दुकानदार उठून उभे राहिले. कुणी म्हणालं, "साहेब, द्या इकडं, मी आणतो." दिलं नाही. कोट काढून पायरीवर टाकला अन् ते मनोऱ्याची शिडी चढले. वर धापा टाकत दोर बांधला, गाठ दोनदा तपासली, खाली उतरले. अंगभर धूळ, सदऱ्याला पारव्यांची घाण. पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

त्यांनी दोर योनाच्या हातात दिला. दुपारी पेटी दाराबाहेर निघाली. पुढचा खांदा एलियाचा. योनानं एक पाऊल पेटीकडं टाकलं, मग दोराकडं बघितलं. आईला खांदाही द्यायचा होता अन् घंटाही सोडवत नव्हती. दोन जागी एक माणूस कसा उभा राहणार?

"तू जा," शमुवेलराव म्हणाले. "तुझी आई आहे. मी वाजवतो."

"तुम्हाला येतं का साहेब?"

"नाही येत. सांग मला."

योनानं दोर त्यांच्या हातात ठेवला. "छातीपाशी धरा. अन् खाली ओढा. असं ताठ राहून नाही व्हायचं साहेब, कंबरेत वाका. आणखी वाका."

शमुवेलराव वाकले. वर ठोका पडला.

"आता सोडा. जाऊ द्या तिला वर. एक लांब श्वास घ्या. हां. आता परत वाका."

योना खांद्याला गेला. राहेलबाईंची मयत निघाली. मिशनवाडी तर होतीच, पण बाजारातली माणसं, वाडीवस्तीवरच्या त्या सगळ्या बायका, ज्यांची लुगडी त्यांनी शिवली होती, त्या पदर डोक्यावर घेऊन मागं चालल्या होत्या. कुणी रडत होतं, कुणी शेळीची गोष्ट सांगून हसत होतं. अन् सगळ्यांच्या डोक्यावरनं घंटा. एक ठोका, लांब श्वास. कब्रस्तानात पोचेपर्यंत, पेटी खाली सोडेपर्यंत, शेवटची मूठ माती पडेपर्यंत चाल एकदाही चुकली नाही.

योना माघारी आला तेव्हा शमुवेलराव मनोऱ्याखाली एकटेच होते. हातांना फोड आलेले, टोपी मातीत पडलेली, सदरा घामानं भिजलेला. वाकत होते, उठत होते, वाकत होते.

"बास करा साहेब," योना म्हणाला. "आई पोचल्या."

शमुवेलरावांनी दोर सोडला. पण वाकलेली कंबर त्यांनी बराच वेळ सरळ केली नाही.